बॉयलरप्लेट म्हणे!

तर मंडळी, हा शनिवार-रविवार घुग्घुसला. पुण्याहून रात्रभर प्रवास करून घरी पोचलो, आईच्या हातची ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी हाणली आणि अंगणात खाट टाकून लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात कीबोर्डवर काळा थर! आमच्या गावाचं हे असंच आहे. एकीकडे कोळसा, एकीकडे सिमेंट, मधे स्पंज आयर्न. इथं पांढरा शर्ट घालून फिरणारा माणूस एकतर गावात नवा असतो, नाहीतर पुढारी.

बाबा शेजारी येऊन बसले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "काय करून राहिला रे? यात तर काहीच नाही. बारा-पंधरा ओळी दिसून राहिल्या."

"बाबा, या बारा ओळींपायी माझे अकरा दिवस गेले."

"काहून?"

या "काहून"चं उत्तर बाबांना तोंडी दिलं. ते त्यांना आमच्या ऑफिसातल्या भल्याभल्यांपेक्षा लवकर कळलं. त्याला कारण आहे. बाबा भूमिगत खाणीत माइनिंग सरदार होते. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी छत ठोकून बघायचं, हे त्यांचं काम. टणक आवाज आला तर ठीक. ढोलासारखा पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे, तिथं माणूस उभा करायचा नाही. साधं काम. "त्यात काय, काठी तर मारायची" असं कुणीही म्हणावं असं. पण ते ज्यानं त्यानं आपल्या हातानं आणि आपल्या कानानं करायचं असतं.

आणि पायाखाली काय आहे हे घुग्घुसच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याच गावात, अमराई वॉर्डात, एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. वस्ती वर, जुनी भूमिगत खाण खाली. वरून सगळं छान होतं: भिंती, रंग, दार.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, बॉयलरप्लेट. म्हणजे रटाळ, ठरीव, वाचायची गरज नसलेला कोड. आणि कर्नलमधून हायपरवायजरला हाक मारणारे असेम्ब्लीतले जे छोटे रॅपर असतात, त्यांना सर्रास हा शब्द लावला जातो. माझं म्हणणं असं, की हा निव्वळ आळस आहे आणि तो महागात पडतो. हे रॅपर कर्नलच्या स्वतःच्या घरातले असले पाहिजेत, आणि प्रत्येक टीममध्ये ते ओळ न् ओळ वाचू शकणारा एक तरी माणूस असला पाहिजे. ज्यांना पटत नाही त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा :-)

घरमालक आणि भाडेकरू

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवायच्या तर त्यांच्याखाली एक घरमालक लागतो, तो हायपरवायजर. वरचे कर्नल हे भाडेकरू. भाडेकरूला काही हवं असेल (थोडा वेळ झोपायचंय, मेमरीचा नकाशा बदलायचाय, कन्सोलवर अक्षर छापायचंय) तर त्यानं मालकाचं दार ठोठवायचं. या ठोठवण्याला हायपरकॉल म्हणतात. कल्पना काही आजची नाही. आयबीएमच्या व्हीएम/३७० मध्ये १९७२ सालीच डायग्नोज नावाची सूचना याच कामाला वापरायचे.

दार प्रत्येक प्रोसेसरचं वेगळं. इंटेलवर व्हीएमकॉल, एएमडीवर व्हीएमएमकॉल, एआरएमवर एचव्हीसी, रिस्क-फाइव्हवर ईकॉल, पॉवरवर एससी १. सूचना एकच, पण तिच्याआधी कोणत्या रजिस्टरमध्ये काय ठेवायचं, परत आल्यावर कोणत्या रजिस्टरमध्ये काय मिळणार आणि कोणत्या रजिस्टरची वाट लागलेली असणार, हा सगळा करार आहे. सी भाषेच्या कंपायलरला हा करार ठाऊक नसतो. तो फक्त आपल्या फंक्शन-कॉलचे नियम जाणतो. या दोन नियमांच्या मधे जी दहा-पंधरा ओळींची असेम्ब्ली उभी असते, तो रॅपर.

"दहा-पंधरा ओळींत असं काय असणार?" एक नमुना बघा. लिनक्समध्ये आयबीएमच्या पॉवर मशीनसाठी एचव्हीकॉल नावाची असेम्ब्ली फाइल आहे. त्यातलं एक फंक्शन घ्या. सीमधून बोलावताना आर३ मध्ये कॉलचा क्रमांक येतो, आर४ मध्ये "उत्तरं इथं लिही" असा मेमरीचा पत्ता येतो, आणि खरी माहिती आर५ पासून पुढे. पण हायपरवायजरला माहिती आर४ पासून हवी! म्हणून रॅपर आधी आर४ मधला पत्ता स्टॅकवर जपून ठेवतो, मग आर५ मधलं आर४ मध्ये, आर६ मधलं आर५ मध्ये, असं सगळं एकेक घर खाली सरकवतो. मग दार ठोठावतो. तीही सूचना तिथं नावानं लिहिलेली नाही, थेट हेक्समधला आकडा आहे: ४४००००२२. परत आल्यावर आर३ मध्ये निकाल असतो, आर४ ते आर७ मध्ये चार उत्तरं. आता स्टॅकवर जपलेला पत्ता काढायचा आणि ती चार उत्तरं तिथं नेऊन ठेवायची. कंडिशन रजिस्टर आधी जपायचं आणि जाताना होतं तसं करायचं, ते वेगळंच.

यातली "पत्ता जपून ठेव" ही एक ओळ विसरा. कोड कंपाइल होईल, कर्नल चालूही होईल. आणि स्टॅकवर आधीपासून पडलेला कुठलातरी आकडा पत्ता समजून कर्नल भलत्याच ठिकाणी लिहून येईल. याला बॉयलरप्लेट म्हणायचं?

"मालक बघून घेईल" या धोरणाचं काय झालं

आता कुणी म्हणेल, एवढं नाजूक आहे ना, मग हे काम हायपरवायजरवरच सोपवा. त्याचं दार, त्यानंच कडी बसवावी. ऐकायला बरोबर वाटतं. पण हा प्रयोग दोनदा झालाय आणि दोन्ही वेळा माघार घ्यावी लागलीय.

पहिला केव्हीएमचा. भाडेकरू कर्नलमध्ये सरसकट व्हीएमकॉल लिहिलेलं असायचं. ते एएमडीवर चालत नाही. पण तिथं ते चुकलं की केव्हीएमच भाडेकरूच्या मेमरीत हात घालून ती सूचना बदलून व्हीएमएमकॉल करायचा. मालकानंच येऊन भाडेकरूच्या घरातली कडी बदलून द्यावी तसं. मग सुरक्षेसाठी कर्नलनं आपला कोड फक्त-वाचनीय करायला सुरुवात केली आणि मालकाचा हा परोपकार अंगाशी येऊ लागला. शेवटी २०१४ मध्ये लिनक्सनं ठरवलं, की कुठली सूचना वापरायची ते बूट होताना प्रोसेसर बघून आमचं आम्ही ठरवू.

दुसरा प्रयोग झेनचा, आणि तो जास्त बोलका आहे. झेन हा २००३ साली केंब्रिज विद्यापीठातून जगापुढे आलेला हायपरवायजर. त्याच्याकडे हायपरकॉल पेज नावाची सोय होती. भाडेकरूनं आपल्या मेमरीतलं ४ केबीचं एक पान रिकामं ठेवायचं आणि झेनला सांगायचं, की भर. झेन त्यात ३२-३२ बाइटचे तयार तुकडे भरून द्यायचा, प्रत्येक कॉलसाठी एक. इंटेल की एएमडी याची चिंता भाडेकरूला नाही. त्यानं नुसतं त्या तुकड्यावर उडी मारायची. रेडीमेड रॅपर! त्या काळी ही सोय खरंच शहाणपणाची होती, उगाच नावं ठेवणार नाही.

पण २०१८ मध्ये स्पेक्टर-मेल्टडाउन आलं, २०२२ मध्ये रेटब्लीड आलं. प्रोसेसर अंदाजानं पुढचं काम करून ठेवतो, त्यातून गुपितं फुटतात असं कळल्यावर कर्नलनं आपल्या घरातली दारं बदलायला घेतली. फंक्शनमधून परत जायची साधी सूचनाही वेगळ्या पद्धतीनं लिहायची, अप्रत्यक्ष उडी जिथं पडते तिथं खूण ठेवायची, असे एकेक नियम. कंपायलरनं सगळ्या कर्नलभर ते पाळले. एक पान सोडून. ते पान मालकानं भरलेलं होतं आणि भाडेकरूनं कुठल्या कड्या बदलल्यात हे मालकाला कळायचा मार्गच नव्हता. १७ डिसेंबर २०२४ ला झेनच्या टीमनं स्वतःच सूचना काढली (एक्सएसए-४६६): हायपरकॉल पेज अशा हल्ल्यांपासून सुरक्षित ठेवता येत नाही, ते वापरू नका. लिनक्समधून ते पान काढून टाकलं आणि त्या जागी काय आलं? कर्नलच्या स्वतःच्या घरातले, हातानं लिहिलेले दोन-चार ओळींचे असेम्ब्ली रॅपर. इंटेलचा एक, एएमडीचा एक, जुन्या पद्धतीच्या भाडेकरूंसाठी एक.

म्हणजे पार फिरून आलो तिथंच आलो. ज्या कोडची सुरक्षा आपण सांभाळणार, तो कोड आपल्या घरातच असला पाहिजे. इतकी साधी गोष्ट शिकायला एवढी वर्षं लागली.

माझे अकरा दिवस

आता स्वतःच्या घरात असला की झालं का? नाही ना! माझंच पाप सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, विचारू पण नका.

एआरएमचा बोर्ड. त्यावर ग्राहकानं दिलेला हायपरवायजर, त्यावर आमचा कर्नल. डीबग बिल्ड लोण्यासारखा चालायचा. रिलीज बिल्ड दोन-तीन तासांनी मरायचा, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. शोधायला म्हणून एक प्रिंट टाकली की रोग गायब! ज्यांनी असलं भूत पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मेमरी बदलून पाहिली, बोर्ड बदलून पाहिला, एकमेकांवर संशय घेऊन झाला.

अकराव्या दिवशी रात्री कंपायलरनं काढलेली असेम्ब्ली उघडून बसलो. एक लूपचा काउंटर कंपायलरनं एक्स९ रजिस्टरमध्ये ठेवला होता. लूपच्या पोटात एचव्हीसी. परत आल्यावर एक्स९ मध्ये कचरा. झालं काय होतं, तर एआरएमच्या कॉलिंग कन्व्हेन्शनची १.० आवृत्ती सांगते, की एक्स४ ते एक्स१७ रजिस्टरं परत येताना तशीच असतील असं धरू नका. १.१ आवृत्तीत मात्र ती जपली जातात. आमच्या रॅपरमध्ये आधी "ही रजिस्टरं बिघडू शकतात" अशी यादी कंपायलरला दिलेली होती. कुणीतरी एआय टूलकडून फाइल "स्वच्छ" करून घेतली. टूलनं १.१ चा हवाला देऊन यादी उडवली. नव्या कागदाप्रमाणे बरोबरच होतं ते. पण ग्राहकाचा हायपरवायजर जुना करार पाळणारा होता. डीबग बिल्डमध्ये कंपायलर सगळं स्टॅकवर ठेवतो, म्हणून तिथं काही बिघडायचं नाही.

आणि तो बदल रिव्ह्यूत पास कुणी केला? मीच. शेरा काय लिहिला होता? "बॉयलरप्लेट, ठीक आहे." अजून जपून ठेवलाय तो स्क्रीनशॉट.

छत ठोकायची काठी माझ्या हातात होती आणि मी न ठोकता माणसं आत सोडली. बाबांना हे असंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग? तुले काही म्हटलं का नाही कोणी?" म्हटलं, नाही. "म्हणाले पाहिजे होतं."

नेहमीचे तीन आक्षेप

एक: "आजकाल असेम्ब्ली कोण लिहितं?" अहो, खूप कोणी लिहावी असं मी म्हणतच नाही. वेबसाइट बनवणाऱ्यानं व्हीएमकॉल शिकावा असा माझा हट्ट नाही. पण जी टीम कर्नल विकते, बोर्ड विकते, तिच्यात एकालाही हे वाचता येत नसेल तर ती टीम आपलं सामान कुठं ठेवलंय हे न बघता घर विकतेय. लिहिणारे कमी असतील तर चालेल. वाचणारा शून्य असेल तर चालणार नाही.

दोन: "एआय लिहून देतो की." देतो. आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा सुबक देतो, खोटं कशाला बोलू. पण कोणत्या रजिस्टरचं काय, हे त्यानं कागदात वाचलेलं असतं. तुमच्या समोरच्या मशीनवरचा हायपरवायजर यातला कोणता कागद पाळतो हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि तुम्हालाच ठाऊक नसेल तर तुम्ही काय सांगणार, कपाळ?

तीन: "हायपरवायजर विश्वासाचाच असतो." हा आक्षेप तर आता कालबाह्य झाला. एएमडीचं एसईव्ही, इंटेलचं टीडीएक्स ही तंत्रं आलीच मुळी मालकावर विश्वास नाही म्हणून. बँकेचा किंवा हॉस्पिटलचा डेटा दुसऱ्याच्या मशीनवर चालवायचा, पण मशीनवाल्याला तो दिसता कामा नये. मग भाडेकरू मालकाशी बोलताना काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे कोण ठरवतं? तोच रॅपर! टीडीएक्समध्ये कोणती रजिस्टरं मालकाला दिसावीत याचा नकाशा भाडेकरू स्वतः आरसीएक्समध्ये भरून देतो. आणि परत आल्यावर लिनक्सचा रॅपर मालकाच्या हातून आलेली, कामाची नसलेली रजिस्टरं शून्य करून टाकतो, न जाणो त्यातल्या आकड्यानं प्रोसेसरचा अंदाज भलतीकडे जायचा. एसईव्ही-ईएसमध्येही तसंच: रजिस्टरं झाकलेली, आणि गरजेपुरती तेवढीच माहिती भाडेकरू सामायिक पानावर काढून ठेवतो. म्हणजे या बारा ओळींत एक रजिस्टर जास्त उघडं राहिलं तर मशीन मरणार नाही. ते छान चालेल, आणि डेटा गळत राहील. माझ्यासारखे अकरा दिवससुद्धा कुणी शोधणार नाही, कारण शोधायला काही बिघडलेलंच नसेल.

मग करायचं काय?

नुसती टीका करून पळून जाणार नाही. माझ्या तीन मागण्या आहेत, एकीलाही पैसे पडत नाहीत.

पहिली, रॅपर आपल्या कर्नलच्या रेपोत ठेवा. बाहेरून आलेली तयार फाइल असेल तर ती आपली समजून वाचा, आणि मगच घ्या.

दुसरी, प्रत्येक रॅपरच्या डोक्यावर एक तक्ता लिहा: आत जाताना कोणत्या रजिस्टरमध्ये काय, येताना कोणत्यात काय, कोणती जपली जातात, कोणती नाही, आणि हे कोणत्या कागदाच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे. रिव्ह्यू करणाऱ्यानं कोड आणि तक्ता ताडून पाहायचा. माझ्या त्या फाइलवर "१.०" एवढं जरी लिहिलेलं असतं तरी मी थांबलो असतो.

तिसरी कॉलेजांना. आम्ही ८०८६ च्या किटवर हेक्स कीपॅड बडवत दोन आकड्यांची बेरीज केली, जर्नल लिहिलं, सही घेतली, संपलं. ८०८६ वाईट नाही, पण तो १९७८ चा प्रोसेसर आहे. त्याच्या पुढचं एकच प्रॅक्टिकल वाढवा. क्यूईएमयू फुकट आहे, ओपनएसबीआय फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. रिस्क-फाइव्हवर दहा ओळींचा कर्नल बूट करा आणि ईकॉल मारून पडद्यावर "घ" छापा. कॉलचा क्रमांक ए७ रजिस्टरमध्ये, छापायचा बाइट ए० मध्ये. यूटीएफ-८ मध्ये "घ" तीन बाइटचा, म्हणून दार तीनदा ठोठवावं लागतं. क्यूईएमयूवर हे दार खालच्या फर्मवेअरचं आहे. पण तोच कर्नल केव्हीएमवर टाकला तर तीच हाक केव्हीएमकडे जाते. एका तासात पोरांना कळेल, की आपल्या पायाखाली अजून एक मजला आहे आणि त्याच्याशी बोलायची भाषा आपल्यालाही येते.

आणि हे आपल्यालाच का करायला हवं, तर आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचे वेगा, हे आपल्या देशातले प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आहेत. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात. १९९१ मध्ये परम ८००० तिथंच बनला. रेड हॅट, आयबीएम पुण्यात आहेत. लिनक्सच्या व्हर्च्युआयओ कन्सोलचे मेंटेनर म्हणून ज्यांचं नाव आहे ते अमित शाह (ते नव्हेत, हे वेगळे!) रेड हॅटमध्ये असताना पुण्यातूनच काम करायचे. म्हणजे हे आकाशातून पडलेल्या लोकांचं काम आहे अशातला भाग नाही. आपल्या चिपवर आपला हायपरवायजर उद्या चालणार असेल तर त्याचे रॅपर कॅलिफोर्नियातून कुणी पाठवणार नाही. तेव्हा "बॉयलरप्लेट, ठीक आहे" लिहिणारे माझ्यासारखे दहा आणि एक्स९ मध्ये काय आहे ते बघणारा एकही नाही, अशी गत नको.

असो. बराच वाजलो. फाइलच्या डोक्यावरचा तक्ता आत्ताच लिहून संपवला, उद्या पुण्याच्या गाडीत बसण्याआधी पाठवीन. बाबांनी तो वाचला. इंग्रजी-मराठी, आकडे, बाण, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. पण एका रांगेवर बोट ठेवून विचारलंच, "हे एक्स१८ च्या पुढचं काहून नाही लिहिलं?"

लिहायचं राहिलं होतं. लिहितो.